रूपराव मिस्त्रीकडे गाडी देणे बंद

६ नोव्हेंबर, गुरुवार

रजिस्टरमध्ये फक्त गाईचं लिहायचं असतं. मालकाचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, माज कधी दिसला, कांडी कोणत्या वळूची. डॉक्टरचं डोकं किती तापलंय, याला तिथे रकाना नाही. म्हणून औषध कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आज काढली. दहा महिने कोरी पडून होती. आता भरेल.

डॉक्टर म्हणजे मी, नागेश. खरा डॉक्टर नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेला खाजगी माणूस. रोहण्याच्या आसपासची सहा गावं माझ्याकडे आहेत. वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या जारात ठेवायच्या, जार मोटारसायकलला बांधायचा आणि फोन आला की निघायचं. लोक डाक्टर म्हणतात, मीही कोणाला दुरुस्त करत बसत नाही.

या धंद्यात सगळा खेळ वेळेचा. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळी भरवायची. वेळ हुकली की एकवीस दिवस हात चोळत बसायचं. आज मनकर्णाबाईची गाय हुकली.

गाय अस्सल गवळाऊ, पांढरीशुभ्र, बाईने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. आधी दोनदा भरवली, दोन्ही वेळा उलटली, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. या खेपेला मी छाती ठोकून सांगितलं होतं, माज दिसला की फोन करा, दारात हजर होतो. फोन सकाळी सातला आला आणि माझी गाडी सोमवारपासून रूपराव मिस्त्रीच्या गॅरेजात. एक चेन बदलायला चार दिवस! त्या गावाला जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर जारातून निघणारा पांढरा धूर पाहून मला चढू देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत गावात मागायला गाडीही नाही. शेवटी तीन वाजता मिस्त्रीने किल्ली हातात दिली. निघालो, तर निम्म्या वाटेत ती नवीकोरी चेन उतरून रस्त्यावर. लॉकची पत्ती उलटी बसवली होती. ज्याने तीस वर्षं गाड्या खोलल्या, त्याने पत्ती उलटी बसवावी?

मनकर्णाबाई फोनवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

"नागेश, मी सकाळपासून गाईजवळ बसून आहो. वेचनीले गेली नाई. पुढच्या खेपेले तू नाई आला तं मी आर्वीवाल्याले बोलावीन. त्याची गाडी तं चालते."

आर्वीवाला म्हणजे हेच काम करणारा दुसरा डाक्टर. त्या गावात बाईचा शब्द चालतो. बाई गेल्या तर ते गाव गेलं, आणि त्यामागून पलीकडची दोन. सहातली तीन गेली की मग माझा धंदा उरतो कुठे?

घरी आलो तर वर्षाली म्हणाली, "निकेशचा फोन आल्ता. काय ठरवलं म्हनून विचारे."

निकेश म्हणजे माझा साळा. बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहे. फेब्रुवारीत तिथे नवी लाइन सुरू होणार, त्यात मला चिकटवतो म्हणतो. आठ तास उभं राहायचं आणि पट्ट्यावरून येणाऱ्या डब्यांना झाकणं लावायची. बायकोला वाटतं, मी जावं. तोंडाने म्हणत नाही, पण दर दोन दिवसांनी विचारते, काय ठरवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. रूपराव मिस्त्रीकडे गाडी देणे बंद. माझी गाडी मी दुरुस्त करीन.

त्याचे गुन्हे एकदा लिहूनच ठेवतो. दिवाळीआधी इंजिनात ऑइल टाकताना ते ओसंडून जमिनीवर वाहिलं, तरी हा ओततच राहिला. पाना पायाशी पडलेला असताना पोत्यावर हात फिरवत शोधायचं नाटक करतो. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी विचारतो, "कोन होय?" जणू मी कोणी परका. मोबाइलवर फोटो दाखवला की हातही लावत नाही. "चष्मा घरी राह्यला," म्हणतो. गेल्या वर्षभरात त्याच्या नाकावर चष्मा मी पाहिलेला नाही. माणूस माजला की असाच वागतो.

वर्षालीला सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पाने हायेत का तुमच्यापाशी?"

एकही नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार

वर्षाली सकाळीच माहेरी गेली आणि दुपारी लोखंडी पेटी घेऊन आली. तिच्या वडिलांची, विहिरीवरच्या इंजिनाची. निकेशही सुटीवर आला होता म्हणे, बहीणभाऊ बराच वेळ बोलत बसले होते. माझ्या नोकरीचंच चाललं असणार. मी काही विचारलं नाही.

पेटीत सगळे पाने आहेत. काही गंजलेत, पण काम देतील.

११ नोव्हेंबर

चेन नीट बसवली. पत्तीचं तोंड कुठे असतं, ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. ऑइल बदललं. प्लग काढून साफ केला. गाईच्या पोटात काय कुठे आहे, हे मी डोळे मिटून हाताने ओळखतो. त्यापुढे इंजिन म्हणजे काय! तिथे तर सगळं दिसतं.

हात काळे होऊ नयेत म्हणून माझे कामाचे लांब प्लास्टिकचे मोजे घातले, खांद्यापर्यंत. शेजारच्या बायका कुंपणावरून पाहून गेल्या. पाहू दे.

१४ नोव्हेंबर

आज लिहायला लाज वाटते. म्हणून लिहून टाकतो.

मागचा ब्रेक किर्र करायचा. चाक खोललं, ब्रेकचे लायनर पाहिले, कोरडे ठणठणीत. आमच्या कामाचा पहिला धडा असा की कोरड्या मोज्याने कधी आत जाऊ नये, आधी वंगण लावावं. सात वर्षं हातात मुरलेली सवय. मी लायनरला गाईसाठी वापरतो ते लिक्विड पॅराफिन लावलं. चांगलं चोपडून लावलं. किर्र आवाज साफ बंद झाला. मी खूश.

रोहण्याबाहेरच्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला. गाडी थांबायचं नावच घेईना. पुढचा ब्रेक मुळातच नावापुरता. समोरून बैलगाडी. मी हँडल वळवलं आणि थेट एका शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाच्या ढिगात घुसलो, जारासकट. जार शाबूत राहिला, मीही. पण कुटाराची कुसळं अंगाला अशी खाजतात की रात्रीपर्यंत खाजवत होतो. बैलगाडीवाला उतरून शांतपणे म्हणाला, "डाक्टर, इथं कोनती गाय होती जी?"

वर्षालीने अंगाला खोबरेल चोळून दिलं. मग लायनर पेट्रोलने धुतले, पॉलिश कागदाने घासले, तेही तिनेच. म्हणे, तिच्या वडिलांच्या इंजिनाच्या पट्ट्याला एकदा तेल लागलं होतं, तेव्हा असंच करावं लागलं होतं. मी म्हटलं, इंजिनाच्या पट्ट्याचा आणि ब्रेकचा काय संबंध? पण ब्रेक लागला खरा.

झोपताना म्हणाली, "मंग, काय ठरवलं?" माणूस कुटारातून उठून आला तरी हिचं हेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या चाकातून गुरगुर आवाज येतो. गॅरेजवरून मुद्दाम न बघता चाललो होतो, तर आतून मिस्त्रीचा आवाज. "डाक्टर! मांगचं बेअरिंग गेलं तुह्यं. जास्ती फिरू नको." मान वर करून बघायचीसुद्धा तसदी नाही. आत बसल्या बसल्या निदान! मी न थांबता पुढे गेलो.

घरी येऊन चाक हलवून पाहिलं. बेअरिंगच गेलंय.

मनकर्णाबाईच्या गाईचा माज पुन्हा सत्तावीसला पडतो. पाच दिवस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आर्वीहून दोन बेअरिंगं आणली. लागेल एकच, दुसरं हाताशी असू दे म्हटलं. बरं झालं.

जुनं ठोकून काढलं, त्याला काही अक्कल लागत नाही. नवं बसेना. चाकाच्या भोकापेक्षा तसूभर मोठं वाटतं. तसंच बसतं म्हणे, घट्ट. हातोडीने हाणलं, तिरपं गेलं. तिरपं असतानाच हाणत राहिलो, आणि टचकन तडा गेला. गाईच्या बाबतीत मी असा कधीच वागत नाही. हात अडला की थांबायचं, जोर लावायचा नाही, हे मी काम शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. लोखंड म्हटलं की माझी अक्कल कुठे जाते कोण जाणे.

आता एकच बेअरिंग उरलं.

संध्याकाळी मान खाली घालून मिस्त्रीकडे गेलो. हो, गेलो. गॅरेजला कुलूप. पुलगावच्या कोण्या वैद्याचं औषध आणायला गेलाय, परवा येईल. जेव्हा नको असतो तेव्हा दारात बसलेला असतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मी कोण आहे, ते आज मला कळलं!

क्रमाने लिहितो. सकाळी साडेसहाला फोन. "नागेश, गाय माजावर हाये. येतं का?"

मी म्हटलं, "मावशी, चार वाजता दारात."

म्हणताना मागचं चाक अंगणात पोत्यावर उघडं पडलं होतं.

अकरापर्यंत दोनदा प्रयत्न केला. बेअरिंग कडेला टेकतं, थोडं तिरपं होतं, मी घाबरून थांबतो. हेही फुटलं तर आर्वीला जाऊन येईपर्यंत चार वाजणार, मग काम कधी करणार? बुटीबोरीची झाकणं डोळ्यांपुढे नाचायला लागली. अंगणात बसलो आणि खरं सांगतो, रडायला आलं. छत्तीस वर्षांचा माणूस, हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचे मोजे आणि डोळ्यांत पाणी.

वर्षाली स्वयंपाकघरातून हात पुसत आली. चाकाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि आपली भांड्यांचं सांगू लागली. "पेल्यात पेला फसला तं मी काय करते? बाहेरच्याले गरम पान्यात ठेवते, आतल्यात थंड पानी टाकते. मंग आपोआप निंघते."

मी वैतागून म्हटलं, "अवं, हे पेला नोहे. बेअरिंग होय."

तिने आत जाऊन चुलीवर पाण्याचं भगोणं चढवलं. आंघोळीचं असेल. आणि नेमक्या त्या वेळी, कुठून कोण जाणे, मला एकदम सुचलं. थंडीने लोखंड आकसतं! आणि थंडी तर माझ्या घरात जारात भरून ठेवली आहे. उणे एकशे शहाण्णव अंश! अख्ख्या रोहण्यात, अख्ख्या आर्वीत, कोणत्या मिस्त्रीकडे आहे असली थंडी?

पण जार निम्माच होता. नायट्रोजनची गाडी येणार शनिवारी. जास्त सांडलं आणि पातळी खाली गेली तर आतल्या सगळ्या कांड्या मेल्या, मनकर्णाबाईच्या गाईसाठी ठेवलेलीसुद्धा. लाकडी पट्टी घालून मोजलं. पुन्हा मोजलं. वर्षाली म्हणाली, "वाटीभर घेजा. जास्ती नोका घेऊ."

लसीचा थर्माकोलचा डबा होता, त्यात वाटी-दीड वाटी ओतलं. बेअरिंगमधलं वंगण आधी पेट्रोलने धुऊन टाकलं. चामड्याचे हातमोजे घातले, बेअरिंगला तार बांधली आणि आत सोडलं. तापल्या तेलात भजं सोडावं तसा चर्र आवाज झाला आणि धुराने अंगण भरून गेलं. शेजारच्या बायका पुन्हा कुंपणावर. एकीने विचारलं, "अजी, घरात काय पेटलं?" वर्षाली म्हणाली, "काही नाई पेटलं. गोठवून राह्यले."

हळूहळू उकळणं शांत झालं. नशीब बघा, चुलीवरचं पाणीही नेमकं तेव्हाच खळखळायला लागलं होतं. वर्षालीने ते चाकाच्या भोकाभोवती ओतलं, भराभरा फडक्याने कोरडं केलं आणि म्हणाली, "आता!"

मी तारेने बेअरिंग उचललं, भोकावर धरलं आणि सोडलं.

टक.

हातोडी नाही, जोर नाही. आपल्या जागेवर जाऊन बसलं. बोटाने दाबून पाहिलं, हलेना. पाच मिनिटांनी सगळं बर्फाने पांढरं झालं, मग ते बर्फही वितळलं. पुसून वंगण भरलं, चाक बसवलं, फिरवलं. आवाज नाही. मी अंगणात उभा राहून ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. वर्षालीचे डोळे भरून आले होते. धुरामुळे असेल.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मनकर्णाबाईच्या दारात होतो. दहा मिनिटं आधी! बाई गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. कांडी कोमट पाण्यात सोडली, मोजा घातला आणि वंगण लावलं, इथे ते लावायचंच असतं. हात स्थिर होता. आयुष्यात इतका स्थिर कधी नव्हता.

बाई म्हणाल्या, "चा घे." बस एवढंच. पण कपाऐवजी पेला भरून दिला.

२८ नोव्हेंबर

पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं. दोनदा. दुपारपर्यंत गोष्ट अशी झाली होती की डाक्टरने अख्खी गाडी जारात बुडवली. मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

हे पान सावकाश लिहितो.

मिस्त्रीने निरोप धाडला होता, ते चाक घेऊन ये, मले पाहाचं हाये. मी तर वाटच बघत होतो. छाती काढून गेलो. म्हटलं, आज ह्याला दाखवतोच.

मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसला. पाहिलं नाही. बोटं फिरवली. बेअरिंगच्या कडेवरून एकदा, दोनदा, हलक्या हाताने. मग चाक फिरवून त्याला कान लावला.

"एकदम सरळ बसलं रे," म्हणाला. "माह्याच्यानं बी असं नाई बसलं कधी. कसं केलं, पुन्हा सांग."

मी सांगितलं. लहान मुलासारखा ऐकत होता. मग एक बेअरिंग पुढे केलं. "यावरचा नंबर वाच बरं. चष्मा घरी राह्यला."

मी वाचला. दारातून ऊन सरळ आत येत होतं आणि नंबर ऐकायला त्याने तोंड माझ्याकडे केलं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या होत्या. दोन्ही. दुधाची साय धरावी तशा.

बाजारात बैलाच्या डोळ्यात जराशी झाक असली तर मी दहा हातांवरून सांगतो आणि सौदा मोडतो. या माणसासमोर मी दर महिन्याला उभा राहत होतो. तो "कोन होय?" विचारायचा आणि मी त्याला माजोरडा म्हणायचो. ती उलटी पत्ती, ते वाहणारं ऑइल. पाना शोधायचं ते नाटक नव्हतं.

मी म्हटलं, "काका, कवापासून दिसत नाई?"

तो पाना हातात घेऊन पुसत बसला. "बोलू नको कोनाले. लोकं म्हनतीन, आंधळा मिस्त्री. कोन गाडी देईन मंग? आवाजावर चालवून राह्यलो होतो. पुलगावची पोरगी वैद्याचे थेंब देते, त्यानं काही होत नाई."

"मोतीबिंदू होय काका. काढता येते. सेवाग्रामले जाऊ."

"मले भेव लागते," तो म्हणाला. साठीचा माणूस, सरळ सांगून मोकळा झाला.

घरी येऊन मागची पानं वाचली. फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. मी काय लिहिलं होतं, ते मला दिसत राहिलं पाहिजे.

१८ डिसेंबर

एकवीस दिवस झाले. दिवसभर फोनकडे बघत होतो. मनकर्णाबाईंचा फोन नाही. म्हणजे गाय माजावर आली नाही, म्हणजे उलटली नाही. खात्रीने आताच काही म्हणता येत नाही. पण रात्री दोन पोळ्या जास्त गेल्या.

वर्षाली: "काय ठरवलं मंग?" मी: "गाय तपासू दे, मंग सांगतो." ती "बरं" म्हणाली आणि गालात हसली. हिला कशाचं हसू येतं?

१४ जानेवारी, बुधवार. सेवाग्राम

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

महिनाभर मागे लागल्यावर मिस्त्री तयार झाला, काल त्याला मागे बसवून आणलं. एसटीने जाऊ म्हटलं तर म्हणाला, "नाई. तू बसवलेल्या बेअरिंगवर जाऊ. पाहू दे किती दम हाये." सगळ्या रस्त्याने मान तिरकी करून मागच्या चाकाचा आवाज ऐकत होता. वर्ध्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बोलला. "काहीच आवाज नाई बे. एवढ्या लांबवर बसून राह्यलो अन् चाकाचा काहीच आवाज नाई." माझ्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की चहा सांडला. मी एवढा खूश याआधी कधी झालो होतो, आठवत नाही.

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. डॉक्टरीण बाईंनी बोटं दाखवली, त्याने बरोबर मोजली. भिंतीवरचं घड्याळ वाचलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तू इतका लवकर पिकला का रे? केस पाह्य."

बाहेर गाडीजवळ आलो. काळा चष्मा जरा वर करून त्याने गाडी बघितली. खाली वाकला. "चेन किती कसली बे! बैल बांधाचा होता का? ढिली कर आत्ताच्या आत्ता. अन् या नटाले वायसर कोन घालन, मी?"

एवढ्या लोकांत शिव्या खाल्ल्या आणि मी हसत होतो. नटाला वायसर, म्हणजे वॉशर, नाही हे मिस्त्रीला दिसलं! पेटीतून पाना काढला आणि दवाखान्याच्या फाटकातच बसून चेन ढिली केली. तो उभा राहून नुसता बघत होता. किती तरी दिवसांनी बघत होता.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. चारचौघांत सगळं त्यानेच सांगून टाकलंय, लपवत नाही आता.

८ फेब्रुवारी, रविवार

त्र्याहत्तर दिवस.

मनकर्णाबाईंनी गाय खुंट्याला आखूड बांधून ठेवली होती. मी मोजा चढवला. गावातली पाच-सात माणसं उगाच जमली होती. आर्वीवाल्याकडे जाऊ म्हणणारे दोघंही त्यांत होते.

हात आत गेला की मी डोळे मिटतो. बोटांनीच शोधायचं. गर्भाशयाचं उजवं शिंग जाड, भरलेलं, चेंडूएवढं. हलकेच चिमटीत धरलं, आतला पापुद्रा बोटांतून निसटला. पुन्हा पाहिलं. घाई केली नाही.

हात बाहेर काढला आणि म्हणालो, "मावशी, गाभण हाये."

बाईंनी पदराने तोंड झाकलं. मग गाईच्या कपाळाला कपाळ लावलं आणि काही तरी बोलल्या, ते गाईसाठी होतं. माझ्याकडे वळल्या तेव्हा आवाज नेहमीचाच होता. "या गावात दुसरा कोनी नाई येनार. मी सांगते." आर्वीवाल्याकडे जाऊ म्हणणारे ते दोघं मान खाली घालून उभे होते.

घरी येऊन उभ्याउभ्याच निकेशला फोन लावला. "निकेश, मी नाई येत बुटीबोरीले. माह्यं इथं बरं चाललं हाये."

"भाऊजी, ते तं भरली ना जागा. ताईनं मले नोव्हेंबरातच सांगितलं, हे येत नाईत म्हनून."

मी फोन ठेवला. वर्षाली तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"नोव्हेंबरात? मंग तीन महिने मले काऊन विचारून राह्यलीस, काय ठरवलं, काय ठरवलं?"

तिने शेंगांवरून मान वर केली नाही. "मले ठाऊक होतं तुम्ही जानार नाई म्हनून. पन तुमाले कुठं ठाऊक होतं?"

चिडायला हवं होतं. शब्द तोंडात तयारही होते. पण मी तिथेच खाली बसलो, तिच्यासमोर, आणि शेंगा सोलायला लागलो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या बाईला मी किती ओळखतो, असा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गावाचा, नवा नंबर. "डाक्टर बोलून राह्यले का? आमची गाय सकाळपासून माजावर हाये. मनकर्णाबाईनं तुमचं नाव सांगितलं. याल का?"

वर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

"चार वाजता दारात," मी म्हटलं, आणि निघालो.